प्रोसेसरचा हीटसिंक कसा काढावा आणि परत कसा बसवावा

डिसेंबर-जानेवारीत माझ्या टेबलावर एकाच प्रकारचं काम वारंवार येतं. मदरबोर्ड वेगळा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक वेगळा, आणि हीटसिंकच्या बुडाला घट्ट चिकटलेला प्रोसेसर. आणणाऱ्याचं वाक्यही तेच असतं: "दादा, फक्त पेस्ट बदलायला काढला होता. लिव्हर तर लॉकच होता, तरी सगळंच हातात आलं."

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये भरायची थर्मल पेस्ट, आणि लिव्हर म्हणजे प्रोसेसर जागेवर आवळून धरणारी दांडी. हा लिव्हर लॉक असतानाही प्रोसेसर बाहेर येतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. नाशिकच्या थंडीत हे जास्त घडतं. निफाड-पिंपळगावकडे सकाळी पारा एक आकडी होतो, रात्रभर बंद असलेल्या मशिनमधली चार-पाच वर्षांची पेस्ट डिंकासारखी धरून बसलेली असते, आणि लोक नेमकं तेव्हाच 'मशिन थंड आहे, आता सुरक्षित' म्हणून हीटसिंक सरळ वर ओढतात. पेस्ट भरण्यावर इंटरनेटवर भरपूर वाद चालतात. पण मी पाहिलेलं मोठं नुकसान जवळजवळ नेहमी काढताना झालेलं आहे. म्हणून या लेखातला जास्त वेळ मी काढण्यावर घालवणार आहे.

१. आधी ठरवा: काढायचा आहे की नुसता साफ करायचा आहे

हीटसिंक एकदा जागेवरून हलला की जुनी पेस्ट संपली. ती पुसून नवीन भरावीच लागते. त्यामुळे नुसत्या धुळीसाठी हीटसिंक काढू नका. पात्यांमधली धूळ ब्रश आणि ब्लोअरने जागेवरच निघते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा मोकाट फिरला की त्याचं बेअरिंग खराब होतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या शेडमधली मशिनं असतील तर धुळीत ऑइलचा अंश असतो आणि ती पात्यांवर थापल्यासारखी बसते. तिथे मात्र हीटसिंक काढून धुण्याशिवाय पर्याय नसतो.

पंखाच खरखर करत असेल तर आधी बघा, तो एकटा सुटतो का. पुष्कळ हीटसिंकवर पंखा चार स्क्रूंनी किंवा तारेच्या क्लिपांनी लावलेला असतो. तेवढाच बदला आणि प्रोसेसरला हातही लावू नका.

साफ करूनही तापमान चढतंच, मशिन लोडखाली (जड काम करताना) मंदावतं किंवा बंद पडतं, पुश पिन (हीटसिंक बोर्डावर धरणारी प्लॅस्टिकची खुंटी) तुटली आहे, किंवा मोठा कूलर (हीटसिंक आणि पंखा मिळून) बसवायचा आहे, अशा वेळी पुढे वाचा.

२. सॉकेट ओळखा, तोवर स्क्रूड्रायव्हर उचलू नका

सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीचं एएम४ म्हणजे डेस्कटॉप रायझन १००० ते ५००० मालिका. यात १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. लिव्हर त्या पिना बाजूने आवळतो, प्रोसेसरला वरून दाबून धरणारं काहीच नसतं. पेस्टची पकड लिव्हरच्या पकडीपेक्षा जास्त झाली की प्रोसेसर निघून येतो. जुन्या एएम३ आणि एफएम२ बोर्डांनाही हेच लागू आहे.

एएमडीच्या एएम५ मध्ये, म्हणजे रायझन ७००० पासून पुढे, पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि प्रोसेसरवर धातूची चौकट आली. तो असा उपटून येत नाही.

इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्येही पिना बोर्डावर असतात आणि वरून लोखंडी पट्टी दाबून धरते. नुसता हीटसिंक बदलायचा असेल तर ही पट्टी उघडायचं काहीही कारण नाही. "प्रोसेसर पण पुसून घेऊ" म्हणून ती उघडणारे लोक सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांवर कापड फिरवतात. तो बोर्ड मग सहसा वाचत नाही.

नवीन कूलर घेणार असाल तर भोकांमधलं अंतर बघा. एलजीए ७७५ मध्ये ते ७२ मिलिमीटर आहे, एलजीए ११५० ते १२०० या पिढ्यांत ७५, आणि एलजीए १७०० मध्ये ७८. डोळ्यांना तीन मिलिमीटर दिसत नाहीत, पण एच६१ बोर्डाचा (७५ चा) कूलर एच६१० वर (७८) बसत नाही. सेतू केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून जी४१ चे (एलजीए ७७५ चे) बोर्ड चालू आहेत, तिथे तर बॉक्सवर '७७५' लिहिलेलं वाचूनच घ्या. उभा टॉवर कूलर असेल तर त्याची उंची आणि कॅबिनेटमध्ये मिळणारी जागा दोन्ही मोजा, आणि पहिल्या रॅमवर तो टेकतो का तेही बघा.

लॅपटॉपचं काम वेगळं आहे. तिथे प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉनची उघडी चिप असते आणि तिचा कोपरा जराशा तिरक्या दाबाने टवका उडून जातो. पुढच्या पायऱ्या डेस्कटॉपसाठी आहेत.

३. टेबलावर आधी मांडून ठेवायच्या वस्तू

- प्लस स्क्रूड्रायव्हर, लांब दांड्याचा, टोक न झिजलेला. पुश पिनसाठी एक चपटाही.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा.
- धागे न सोडणारं कापड. चष्म्याचं चालतं. कापूस नको.
- चांगली थर्मल पेस्ट, न उघडलेली.
- प्लॅस्टिकचं जुनं कार्ड, टॉर्च, आणि स्क्रू ठेवायला दोन वाट्या.

आयपीएऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही बोर्डाजवळ आणू नका. लिक्विड मेटल या कामासाठी घेऊ नका. ते विजेचं वाहक आहे, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा हीटसिंक पोखरतं.

मोबाइलवर तीन फोटो काढा: पंख्याची वायर कुठे लावली आहे, हीटसिंक कोणत्या दिशेने बसला आहे, आणि ब्रॅकेट कसे आहेत. दहा मिनिटांनी हे आठवत नाही.

४. आधी गरम करा, मग वीज तोडा

पेस्ट ऊब मिळाली की सैल होते. म्हणून काढण्याआधी मशिन दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा. एखादा टेस्ट प्रोग्रॅम लावा, नाहीतर ब्राउझरमध्ये चार-पाच व्हिडिओ एकदम सुरू करा. मशिन विंडोजपर्यंत जातच नसेल तर बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवर तेवढा वेळ राहू द्या, प्रोसेसर तिथेही तापतो. अजिबात चालूच होत नसेल तर पुढच्या पायरीला हेअर ड्रायर लागेल.

मग या क्रमाने: शटडाऊन, मागच्या एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद, वायर उपसून बाजूला, आणि शेवटी कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. उरलेली वीज त्यात निघून जाते.

> सावधान: यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून वीज तुटत नाही. वायर कॅबिनेटच्या मागूनच काढा.

कॅबिनेट आडवं झोपवा, बोर्ड वर तोंड करून. उभ्या कॅबिनेटमध्ये शेवटचा स्क्रू सुटला की हीटसिंक घसरून ग्राफिक्स कार्डवर पडतो. कार्ड हाताच्या आड येत असेल तर ते आधीच काढून ठेवा.

लोकरीचा स्वेटर अंगावरून उतरवा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा. कोरड्या थंडीत दाराच्या कडीला हात लावताच झटका बसतो तीच ही स्थिर वीज. काम चालू असताना मधूनमधून परत हात लावत राहा.

५. हीटसिंक सोडवणं

सगळ्यात आधी पंख्याची वायर बोर्डावरून काढा. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची बोंडी धरून काढा, तारा धरून ओढू नका. ही वायर राहून जाणं नेहमीचं आहे. हीटसिंक उचलला जातो आणि तारेसकट कनेक्टर उपटतो.

*इंटेलच्या पुश पिना.* चारही पिनांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. चपटा स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून बाणाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव वळसा फिरवा. मग ते डोकं सरळ वर खेचा, 'टक्' असा आवाज येतो. चारही मोकळ्या झाल्याची खात्री करा. एखादी अडकलेली असताना हीटसिंक उचलला तर तिचे पाय बोर्डाच्या भोकात तुटतात.

*एएमडीचा स्क्रूवाला हीटसिंक, उदाहरणार्थ रेथ स्टेल्थ.* चार स्प्रिंगचे स्क्रू आहेत. एक पूर्ण काढून दुसऱ्याकडे जाऊ नका. तिरक्या जोड्या धरा, प्रत्येकाला दोन-दोन वळसे, मग पुढचा. एका बाजूचा दाब अचानक गेला की हीटसिंक कलतो आणि कडेने प्रोसेसरवर रेटा येतो. या कूलरला बोर्डामागे लोखंडी पट्टी असते आणि पुढचे स्क्रू तीच धरतात. स्क्रू सुटले की पट्टी मागे गळून पडते. कॅबिनेटची मागची बाजू आधीच उघडा आणि एका हाताने पट्टी धरा, किंवा टेपने चिकटवून ठेवा.

*क्लिप आणि लिव्हरवाला, उदाहरणार्थ रेथ प्रिझम किंवा एएम३ चे जुने.* लिव्हर शेवटपर्यंत उलटवा, दोन्ही बाजूंच्या कड्या प्लॅस्टिकच्या दातांवरून सोडवा. इथे स्क्रूड्रायव्हर तरफेसारखा वापरून जोर लावायचा मोह होतो. तो घसरला की थेट बोर्डाच्या तारांवर जातो.

आता मुख्य गोष्ट. सगळं सुटलं आहे, हीटसिंक नुसता पेस्टवर बसलेला आहे. दोन्ही हातांनी तो समोरासमोर धरा आणि वर उचलू नका. वर खेच न देता तो डावीकडे-उजवीकडे फिरवा, बाटलीचं झाकण सैल करतो तसा. सुरुवातीला जेमतेम दोन-तीन अंश हलेल. घाई करू नका. फिरवत राहिलात की एका क्षणी हाताला कळतं: अडकणं संपतं आणि लोण्यावर सरकल्यासारखा मऊ विरोध उरतो. पेस्ट तेव्हाच सुटलेली असते. मग एका कडेने हलकेच उचला.

दोन-तीन मिनिटं फिरवूनही तो मऊपणा आला नाही तर थांबा. मशिन चालू होत असेल तर सगळं परत जोडून पुन्हा गरम करा. होत नसेल तर हेअर ड्रायर मध्यम गरम ठेवून दोन-तीन मिनिटं हीटसिंकच्या बुडाकडच्या पात्यांवर फिरवा आणि परत प्रयत्न करा. हीटसिंक हाताला चांगला कोमट लागला पाहिजे, चटका बसेल इतका तापवू नका.

> तपासा: हीटसिंक उलटा करून बघा. बुडाला फक्त पेस्ट दिसते का? तिथे चौकोनी हिरवी पट्टी आणि सोनेरी पिना दिसल्या तर प्रोसेसर सोबत आला आहे. हीटसिंक खाली ठेवू नका, पिना वर राहतील असा धरून पुढचं वाचा.

प्रोसेसर चिकटून आलाच तर

घाबरून दोन चुका होतात. एक, हीटसिंकसकट प्रोसेसर परत सॉकेटमध्ये दाबायचा प्रयत्न. लिव्हर बंद असताना पिना आत जाऊच शकत नाहीत, त्या झोपतात. दुसरी, मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं. ह्या दुसऱ्या चुकीने कोपरा फुटलेला प्रोसेसर मी दुरुस्त करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही.

हीटसिंक उलटा टेबलावर टेकवा, पिना छताकडे. ड्रायरने बुडाला ऊब द्या. मग दात स्वच्छ करायचा फ्लॉस किंवा तसाच बारीक, गुळगुळीत धागा प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधल्या रेषेत घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. निम्म्यापर्यंत गेला की प्रोसेसर फक्त कडांनी धरून हळूच फिरवा. तो निघेल.

आता पिना. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला आणून ट्यूबलाइटसमोर धरा आणि ओळीच्या एका टोकाकडून बघा. बांधावर उभं राहून द्राक्षबागेच्या ओळीत नजर टाकली की कललेला अँगल लगेच दिसतो, तसंच इथे होतं. आधी आडव्या ओळी बघा, मग उभ्या. वाकलेली पिन सापडली तर शिसं काढलेली ०.७ ची मेकॅनिकल पेन्सिल त्या पिनेवर चढवा आणि अगदी थोडी सरळ करा, परत बघा, परत थोडी. एका झटक्यात ती मुळाशी तुटते. कडेच्या ओळी जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने सरळ होतात. पिन तुटलीच असेल तर प्रोसेसर कागदात न गुंडाळता कडक डबीत ठेवून चांगल्या चिप-लेव्हल कारागिराकडे न्या.

सगळ्या सरळ असतील तर सॉकेटचा लिव्हर उभा करा, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर जुळवा आणि वरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावा लागत असेल तर उचला आणि पिना परत बघा. बसल्यावर लिव्हर खाली.

६. जुनी पेस्ट काढणं

प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. वाळलेले थर आधी प्लॅस्टिक कार्डाने सोडवा, ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. मग कापडावर आयपीए घ्या, थेट प्रोसेसरवर ओतू नका. कडेकडून मध्याकडे पुसा. उलटं केलं तर पेस्ट कडेवरून सॉकेटमध्ये उतरते. कापडाची घडी बदलत जा. शेवटच्या पुसण्यानंतर कापड पांढरं राहिलं पाहिजे आणि झाकणावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

हीटसिंकचं बूडही असंच पुसा. पाण्याने धुतला असेल तर पंखा आधी वेगळा केलेला असावा, आणि हीटसिंक पूर्ण वाळेपर्यंत बसवू नका. पात्यांच्या मुळाशी आणि तांब्याच्या नळ्यांच्या खाचांत पाणी तासन्‌तास लपून राहतं. रात्रभर ठेवलेला बरा.

पुसून झाल्यावर दोन्ही पृष्ठभागांना बोट लावू नका.

७. नवीन पेस्ट

एएम४ आणि जुन्या इंटेलचं झाकण जवळपास चौकोनी आहे. मध्यभागी तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढा एकच थेंब पुरतो. एलजीए १७०० चा प्रोसेसर ३७.५ गुणिले ४५ मिलिमीटर, म्हणजे लांबट आहे. तिथे लांबीच्या दिशेने साधारण दीड सेंटीमीटरची रेघ ओढा. पसरवायची गरज नाही, हीटसिंकचा दाब ते काम करतो. हीटसिंकच्या बुडाला वेगळी पेस्ट लावू नका.

नवीन कूलरच्या बुडाला कंपनीने राखाडी पेस्ट लावून दिली असेल तर तीच वापरा, वर दुसरा थर नको. आणि बुडाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर तो काढा. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पापुद्र्यासकट बसवलेले कूलर माझ्याकडे आजही येतात.

८. बसवणं

हीटसिंक वरून सरळ खाली आणा आणि पेस्टला टेकला की उचलू नका. उचलला तर मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, मग पुसून परत पायरी सातपासून.

पुश पिनांचा असेल तर बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा. काढताना फिरवलेल्या तशाच राहिल्या तर त्या दाबल्यासारख्या वाटतात, पण धरत नाहीत. चारही पाय भोकांत आले का बघा, मग तिरक्या जोडीने दाबा: दोन पिना एकदम, दोन अंगठ्यांनी. प्रत्येकीचा टक् आवाज ऐका. बोर्ड वाकताना दिसला तर मागच्या बाजूने हाताचा आधार द्या.

> तपासा: कॅबिनेटच्या मागच्या खिडकीतून टॉर्च मारा. प्रत्येक भोकात पांढरे दोन पाय फाकलेले आणि मधून काळी पिन आलेली दिसली पाहिजे. तीन बसल्या आणि चौथी अर्धवट, अशा मशिनमध्येच 'नवीन पेस्ट भरूनही गरम होतंय' ही तक्रार असते.

स्क्रूचा असेल तर चारही स्क्रू आधी दोन-तीन वळसे नुसते धरवा. मग तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. रेथ स्टेल्थसारख्या कूलरमध्ये स्क्रू एका जागी स्वतः थांबतो, त्यापुढे जोर लावू नका. ड्रिल मशिन इथे वापरू नका.

टॉवर कूलरच्या पंख्याच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे गेली पाहिजे. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. चार पिनांच्या जागेवर तीन पिनांचा पंखाही बसतो. उरलेली वायर पात्यांपासून लांब बांधा.

९. पहिल्यांदा चालू करताना

कॅबिनेट उघडंच ठेवा. बटण दाबा आणि आधी पंख्याकडे बघा. तो फिरत नसेल तर लगेच बंद करा. फिरत असेल तर थेट बायोसमध्ये जाऊन तापमानाची ओळ शोधा आणि पाच मिनिटं बसून राहा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ठीक. मिनिटभरात सत्तर ओलांडून चढतच राहिला तर बंद करा. हीटसिंक नीट टेकलेला नाही.

बायोसमधला आकडा विंडोजमधल्या रिकाम्या मशिनपेक्षा जास्त दिसतो, कारण तिथे प्रोसेसर वीज वाचवत नाही. विंडोज चालू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून पंधरा मिनिटं लोड द्या. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, रायझन ३००० आणि ५००० ची ९० ते ९५ आहे. लोडवरचा आकडा त्याच्या बराच खाली राहिला पाहिजे.

मात्र खोलीचं तापमान लक्षात घ्या. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना लोडवर ६५ आले, तर मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत त्याच मशिनला साधारण ८१ येतील. खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही, म्हणून नुसता आकडा न लिहिता दोन्ही लिहा. मी कॅबिनेटच्या पत्र्याला आतून मास्किंग टेपचा तुकडा लावतो आणि त्यावर तारीख, पेस्टचं नाव, खोलीचं तापमान आणि लोडवरचं तापमान लिहून ठेवतो. पुढच्या वेळी मशिन उघडणारा तुम्ही असाल किंवा दुसरा कोणी, पेस्ट खरंच बदलायची आहे का हे त्याला हीटसिंकला हात न लावता कळतं.